पलीकडचं कॉकपिट

देवव्रतने हात पुढे केला, पण चंद्रहास यांनी तो घेतला नाही.

ऑकलंड विमानतळाजवळच्या हॉलमध्ये वैमानिक संघटनेची सभा नुकतीच संपली होती. लोक चहाच्या टेबलाकडे वळत होते. चंद्रहास सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तू त्यांच्याकडे मुलाखत देऊन आलास, असं कळलं. खरं आहे?"

"हो, सर. मी कुठे लपवलंय?"

"मग इथे काय राहिलंय तुझं?"

देवव्रत हात मागे घेऊन निघून गेला. त्याच्यामागे कुणी गेलं नाही. इरावतीही नाही. ती आणि देवव्रत एकाच वर्षी नोकरीला लागले होते, नेल्सन-नेपियरसारख्या देशातल्याच लहान शहरांची छोटी विमानं उडवत होते, आणि मोठ्या विमानाची वाट बघत होते.

कंपनीने आशियातल्या एका विमान कंपनीशी भागीदारी केली होती. लांबच्या मार्गांवर तिकीट आपलं, विमान त्यांचं आणि वैमानिकही त्यांचे. चंद्रहास त्याच मार्गांवर कॅप्टन होते आणि संघटनेतर्फे बोलणीही तेच करत होते.

"आज एक मार्ग जाईल, उद्या दुसरा," ते प्रत्येक सभेत सांगत. "माझं काय, माझं उडून झालंय. पण मागून येणाऱ्यांनी आयुष्यभर नेल्सनलाच जायचं का?"

भागीदार कंपनीला वैमानिक कमी पडत होते. संघटनेच्या एकाही सभासदाने तिकडे अर्ज करायचा नाही, हा ठराव चंद्रहास यांनीच मांडला होता. आपलीच माणसं तिकडे जाऊन बसली तर भांडायचं कुणाच्या जोरावर, असं ते विचारत.

मागून येणाऱ्यांत त्यांची मुलगी इरावतीही होती. मोठ्या विमानासाठी तिची पाळी आली आणि नेमकी भरती थांबली.

पुकेकोहेला घरी परतताना ती गाडीत म्हणाली, "बाबा, देवव्रतशी एवढं कडक वागायला नको होतं."

"एकाला सोडलं की सगळे जातील."

"पण खूप लोक कंटाळलेत. किती थांबायचं त्यांनी?"

"मला दिसत नाही का ते? मी त्यांच्यासाठीच भांडतोय. तुझ्यासाठी भांडतोय."

इरावती बाहेरची कांद्याची शेतं बघत राहिली. भागीदार कंपनीने तिलाही सिंगापूरला चाचणीसाठी बोलावलं होतं. हे तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

घरी विभावरीने चहा केला. नवऱ्याला तिने बिनसाखरेचा दिला. हल्ली चंद्रहास साखर घेत नसत. रोज सकाळी पळायला जात, आणि सुट्टीच्या दिवशी गराजमध्ये टेबल टाकून वाचत बसत. या भांडणाने माणूस वाळत चाललाय, असं विभावरी फोनवर तिच्या बहिणीला सांगे.

"रविवारी वेलिंग्टनला जातोय," ते म्हणाले. "मंत्र्यांच्या ऑफिसात भेट मिळाली आहे. दोन-तीन दिवस लागतील."

"मीपण नाहीये," इरावती म्हणाली. "मैत्रेयीबरोबर क्वीन्सटाउनला जातेय."

"जा, जा. जरा मोकळी होऊन ये."

बऱ्याच दिवसांनी ते हसले. इरावतीला त्या हसण्याकडे बघवेना. ती कप विसळायला उठली.

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून ती सिडनीवरून गेली. सिंगापूरला उतरल्यावर तिने आईला क्वीन्सटाउनच्या थंडीबद्दल लिहिलं, आणि लिहून झाल्यावर फोन पर्समध्ये खोल ढकलला.

चाचणीचं ऑफिस विमानतळाच्या मागच्या बाजूला होतं. टेबलामागच्या बाईंनी तिचं नाव पाहिलं.

"थोडं थांबावं लागेल. आत कॅप्टनच्या जागेची मुलाखत चालू आहे. ती झाली की तुम्हीच."

इरावती बसली. काचेपलीकडे एक मोठं विमान धावपट्टीकडे सरकत होतं. अशाच विमानासाठी ती कॉलेजची सगळी वर्षं वेटरची कामं करत शिकली होती. आर्डमोरच्या धावपट्टीवरून ती पहिल्यांदा एकटी उडाली, तेव्हा बाबा कुंपणाशी उभे होते. ती उतरल्यावर ते नुसते चष्मा पुसत राहिले होते.

फोन वाजला. आईचा मेसेज होता. "बाबांचा फोन आलेला. वेलिंग्टनला भयंकर वारा आहे म्हणे. मंत्र्यांनी ऐकून घेतलं, पण आश्वासन काही दिलं नाही. आवाज थकलेला वाटला गं."

इरावतीने तो दोनदा वाचला.

आपलं नाव उद्या बाहेर येईल, तेव्हा बाबा हॉलमध्ये कुठे बघतील? ज्यांना त्यांनी अडवलं ते सगळे त्यांच्याकडे बघत असतील. देवव्रतही असेल. आणि बाबा तिच्यावर ओरडणारही नाहीत. उठतील आणि बाहेर जातील.

ती टेबलापाशी गेली.

"माफ करा. मला चाचणी द्यायची नाही. मी परत जाते."

बाईंनी मान वर केली. "एवढ्या लांब आल्यावर? पुन्हा बोलावतीलच असं नाही."

"माहीत आहे."

"काही अडचण आहे का?"

"माझे वडील तिकडे याच्याविरुद्ध लढतायत," इरावती म्हणाली. "त्यांना सोडून मला इकडे येता येणार नाही."

बाईंना ते नीट समजलं नसावं. त्यांनी संगणकावर तिचं नाव काढून टाकलं आणि सावकाश जा, म्हणाल्या. इरावतीला एकदम हलकं वाटलं. घरी गेल्यावर बाबांना सगळं खरं सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं आणि बॅग खांद्याला लावली.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. "अभिनंदन, कॅप्टन," असं कुणीतरी आतून म्हणालं, आणि बाबा बाहेर आले.