चाळीस तारांची केबल

सून मशीनं दुरुस्त करते आणि मी दुकानावर नजर ठेवते. दवाखान्याचं मशीन आज द्यायचं कबूल केलेलं, डॉक्टरीणबाई समोर येऊन बसलेल्या, आणि नवी चपटी केबल घालूनही पडदा काळाच. सुनेनं जुनी केबल शेजारी धरून बघितली. तारा चाळीसच, लांबीही तेवढीच. पण जुनीचे खाचेत बसणारे चकचकीत दात दोन्ही टोकांना एकाच बाजूला, आणि नवीचे एका टोकाला वर, दुसऱ्याला खाली.

"मेल्या व्यापाऱ्यानं डोळे मिटून पाठवली," मी म्हटलं. "लाव फोन, चांगला फैलावर घे त्याला."

तिनं फोन स्पीकरवर टाकला. "दादा, दात एकाच बाजूचे हवे होते हो."

"ताई, मी विचारलं होतं की! फोन तुमच्या सासूबाईंनी उचलला. दात एकाच बाजूला देऊ की दोन्ही, म्हटलं, तर त्या म्हणाल्या, 'एकाच बाजूला कशाला? दोन्हीकडे दे. अर्धवट माल आमच्याकडे चालत नाही.'"

सुनेनं फोन बंद करून नवी केबल माझ्यासमोर ठेवली.

मी डॉक्टरीणबाईंकडे वळले. "बघा, आजकालच्या मुलींना स्वतःच्या दुकानातला फोनसुद्धा सासूनं उचलायला हवा!"