बाद झालेल्यांची रांग

अनिलकाका भेटायला गेले तेव्हा आल्हाद बाकावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. काकांना ते बूट बघवेनात. या पोराला त्यांनी इथल्या हिंदी मुलखात, माधव नगरच्या मैदानात अनवाणी कबड्डी शिकवली होती, आणि आज फायनलला तो त्यांच्याच मंडळाविरुद्ध, मॅटवर, सिमेंट कंपनीची निळी जर्सी घालून उतरणार होता.

आल्हादने उठून वाकून नमस्कार केला. मग खालच्या आवाजात सगळं सांगून टाकलं. कंपनीत तो अजून कॉन्ट्रॅक्टवरच होता. मॅनेजरने साफ सांगितलं होतं की कप आणलात तर पर्मनंट, आणि मोहल्ल्याच्या टीमकडून हरलात तर पुन्हा तोंड दाखवू नका. "आईने पेढेपण सांगून ठेवलेत, काका," म्हणाला आणि हसायला गेला, पण ते काही जमलं नाही.

काकांच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. ते त्यांनी गिळलं. जेवलास का, एवढंच विचारलं आणि आपल्या पोरांकडे परत आले.

आता ही मंडळाची पोरं म्हणजे कोण, तर एक नानाखेड्याला मोबाइल दुरुस्त करणारा, एक शाळेत गणित शिकवणारा, कॅप्टन श्रेयस बँकेत चिकटलेला. संध्याकाळी कामं आटोपून यायचं आणि अंधार पडेपर्यंत खेळायचं. पगार नाही, भत्ता नाही, मॅटवर लागतात म्हणून आणलेले बूटसुद्धा उसने. समोर मात्र खेळण्याचाच पगार घेणारे गडी. शहाण्या माणसाने मंडळावर चहाचीदेखील पैज लावली नसती.

पण पोरं पेटली. कंपनीचे गडी एकेक करून बाद होत गेले आणि मॅटबाहेरच्या रांगेत जाऊन बसले. शेवटच्या चढाईला आत एकच उरला, आणि नशिबाला नेमका तोच सापडावा, आल्हाद. तो बाद झाला तर लोणाचे जादा गुण मिळून सामना मंडळाचा. तो वाचला तर एका गुणाने कंपनीचा.

चढाईला श्रेयस गेला. हे दोघे एकाच मातीत लोळून मोठे झालेले, एकमेकांची चाल पाठ असलेले. श्रेयस डावीकडे सरकला, झटकन वळला, हात फेकला आणि मध्यरेषेकडे परत आला. पंचाने स्पर्श नाही अशी खूण केली आणि शिट्टी तोंडाशी नेली. रांगेत बसलेले कंपनीचे गडी नाचत उठले.

अनिलकाकांनी श्रेयसचा चेहरा पाहिला आणि त्यांना कळलं. लागलं होतं. बोटाचं टोक आल्हादच्या कोपराला लागलं होतं, बस, तेवढंच. श्रेयसने पंचाकडे दाद मागितली नाही, कारण मंडळात तशी पद्धतच नव्हती. काका पहिल्याच दिवशी पोरांना सांगायचे की ज्याला लागलं त्याला ठाऊक असतं, त्याने आपणहून बाहेर जायचं, पंचाच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही. श्रेयस आता आल्हादकडेही बघत नव्हता. मान खाली घालून उभा होता.

थांब रे बाबा, काका मनात म्हणाले. आजचा दिवस थांब. उभी हयात ज्या कपासाठी घालवली, तो त्यांना त्या क्षणी नकोसा झाला.

आल्हादने एकदा मॅनेजरकडे पाहिलं. मग हात वर केला, चालत मॅटच्या बाहेर गेला आणि रांगेच्या टोकाला जाऊन बसला.

मैदान दणाणून गेलं. कंपनीचे गडी बॅगा उचलून निघाले. त्याच्या पुढ्यातून सरळ बसकडे गेले. मॅनेजर तेवढा जाता जाता थांबला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "जर्सी धोकर वापस भेज देना." पाठोपाठ त्यांची बस सुरू झाल्याचा आवाज आला.

अनिलकाका येऊन आल्हादशेजारी बसले. त्यांना स्वतःचाच राग आला होता.

"मघाशी सांगणार होतो तुला," ते शेवटी म्हणाले. "लागलं तरी थांब म्हणून."

आल्हाद बुटांच्या नाड्या सोडत होता.

"सांगितलं असतंत तरी पायांनी ऐकलं नसतं, काका," तो म्हणाला, आणि मग मात्र त्याला रडू फुटलं.

श्रेयस आला. आल्हादच्या दुसऱ्या बाजूला बसला. मग गणिताचा मास्तर आला, मोबाइलवाला आला. करता करता सगळं मंडळ त्या रांगेत येऊन बसलं.

मंचावर कप मांडून ठेवलेला. हारही तयार होते. माइकवरच्या माणसाने विजेत्या टीमला बोलावलं. पुन्हा बोलावलं. कोणी उठेना. तेव्हा त्याने डोळ्यांवर हात धरून मैदानाकडे नीट पाहिलं. बाकी मैदान रिकामं झालं होतं, आणि बाद झालेल्यांच्या जागी तेवढी ही माणसं माना खाली घालून बसली होती.

"अरे भिया," तो माइकवरच म्हणाला, "जीता कौन है?"