बागेचं बोलावणं

आषाढी एकादशीला सरोजिनीताईंनी कर्जतच्या आपल्या कॉलनीतल्या बागेचा ब्लॉग उघडला आणि चातुर्मासभर रोज बागेत बसून एक नोंद लिहायचा नेम धरला: 'या, मिळून तण काढू.' खाली 'छान', 'स्तुत्य उपक्रम' असे शेरे पडत. येत कुणीच नसे. तण गुडघ्याला लागलं, ताईंची कंबर बोलू लागली. आज नेम सुटायचा दिवस. त्यांनी मोबाईलवर शेवटची नोंद लिहायला घेतली: 'बाग बंद करत आहे.'

कशेळ्याची भागूबाई भाजी विकून परतताना रोजच्यासारखी कुंपणाशी टेकली.

"ताई, रोज काय वं लिवता त्यात?"

"बागेत या म्हणून लोकांना बोलावते गं. कुणी येत नाही."

भागूबाईनं कुंपणातून हात घालून मूठभर तण उपटलं.

"मी तर रोज हितंच बसते. मला कदी नाय बोलावलंत."