शुभ कामाचा टाईप

"नाही म्हणजे नाही, यादोराव," गुलाबचंद शेठ म्हणाले. "जरा सोच समझ के बोलो भाई. हा नक्षीचा टाईप शुभ कामाचा आहे. याच्यानं आज तेरवीची चिठ्ठी छापली अन् उद्या गोंदियाभर बोभाटा झाला, तर लग्नाची एक तरी पत्रिका येईल का आपल्या छापखान्यात?"

छापखान्यात खिळे जुळवणारा यादोराव उभाच राहिला. दहावं काल उरकलं होतं. केस उतरवलेल्या डोक्यावर टोपी ढिली बसत होती. हातातल्या कागदावर दोन ओळी होत्या : बायको धुरपताबाई वारल्याची एक, तेरवीच्या जेवणाची दुसरी.

"पुरी चिठ्ठी नाई म्हनत, शेठजी. तिचं नाव तेवढं. बाकी साध्या शिशाच्या खिळ्यात जुळवतो."

"नाव बी नाही."

शेठ माणूस वाईट नव्हते. सरणाची लाकडं त्यांनीच धाडली होती. पण शकुन-अपशकुनापुढं त्यांची मात्रा चालत नसे. मांजर आडवं गेलं, की छापखान्याचं कुलूप तासभर उशिरा निघायचं. एवढं बोलून ते जेवायला घरी गेले.

छापखान्यात यादोराव एकटा उरला. घरी एकटं असण्यापेक्षा इथलं बरं, असं त्याला सकाळी वाटलं होतं. तसं काही नव्हतं.

त्यानं खालचा खण ओढला. शिवणीच्या लाकडात त्यानं स्वतः कोरलेली मोठी अक्षरं तिथं ओळीनं झोपली होती. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर पाच ठिपके, आणि दांडीवरून उतरणारी दोन-दोन पानांची वेल. गिऱ्हाईक पत्रिका हातात घेऊन विचारायचं, नक्षी नागपूरची का मुंबईची? नक्षी धुरपताच्या डाव्या हातावरची होती. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत गोंदलेली.

चुलीपुढं बसलेल्या धुरपताचा हात तो पाटावर ओढून घ्यायचा आणि पेन्सिलीनं वेल उतरवायचा. मग तीच उलटी करून लाकडावर, कारण उलटं कोरलं तरच सुलटं छापतं. "भात करपून राहिला ना! सोडा माहा हात!" असं ती ओरडायची, आणि हात तिथंच ठेवायची. 'ध'ला वेल पुरेना, तेव्हा तिनं आपणहून बाही वर सारली होती.

तिला वाचता येत नव्हतं. "यात माहं नाव कोनतं?" ती विचारायची. "छापलं का दाखवतो," हा म्हणायचा. आज छापू, उद्या छापू करता करता साऱ्या मुलखातल्या नवऱ्या मुलींची नावं तिच्या हाताच्या वेलीनं सजली. हिचं तेवढं राहिलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

बाई गेली की तिच्या अंगावरचं सगळं उतरवून घेतात, गोंदण तेवढं सोबत जातं, असं म्हातारी माणसं सांगतात. धुरपताचं तेही निम्मं मागंच राहिलं होतं, या खणात.

मशीनवर बिडीची लेबलं चढलेली होती. ती त्यानं उतरवली. खणातून एकेक अक्षर उचललं, अंगठ्यानं पुसलं, जुळवलं, शाई लावली आणि मशीनला पाय मारला.

शेठ पान चघळत परत आले, तेव्हा दोरीवर एकच कागद वाळत होता. लांबूनच वेल ओळखू आली आणि त्यांचा पारा चढला.

"यादोराव! मी काय सांगून गेलो होतो?"

"वाचा तं खरं, शेठजी."

शेठनी चष्मा चढवला. वर लिहिलं होतं, शुभविवाह. त्याखाली चि. यादोराव, आणि चि. सौ. कां. धुरपता. मुक्काम केशोरी. तिथीची जागा कोरी होती.

"हे काय?"

"लगनाचीच पत्रिका हाये. आमच्या लगनात कुठची पत्रिका? अक्षतांचे पिवरे तांदूर देऊन बलावलं होतं लोकायले." यादोरावनं कागदाकडं बोट केलं. "शुभ कामच हाये, शेठजी. मयतीचं एक अक्षर नाई लावलं."

शेठनी कागद दोरीवरून काढून घेतला. मग गल्ल्यामागच्या देवाच्या फळीकडं गेले आणि हळदीची वाटी घेऊन आले. यादोरावनं हात पुढं केला.

"थांबा. तेरवी होईतो तुम्हाला सुतक आहे," ते म्हणाले. त्यांनी स्वतःच बोट बुडवलं आणि पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळद लावली.

"किती छापल्या?"

"एकच."

"अन् द्यायची कोणाला?"

"पैली पत्रिका देवाले जाते ना. माहा हात आज देवाले चालत नाई, तुमीच ठेवा." यादोराव कोपऱ्यातली ओली हळद बघत होता. "तिले वाचता येत नाई. आता तोच वाचून दाखवन."

मग तो साध्या खिळ्यांपाशी गेला, त्या दोन ओळींचा कागद समोर ठेवला आणि तेरवीची चिठ्ठी जुळवायला बसला.