थेट प्रक्षेपण

निपाणीच्या केबल कंट्रोल रूममध्ये बसून वृषभ प्रत्येक चॅनलचा सिग्नल कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासायचा. लोकल चॅनलवर सकाळपासून आमदारसाहेबांचं पाण्यासाठीचं उपोषण 'थेट' चाललं होतं. सॉफ्टवेअरमध्ये मात्र तासाभराची एकच फाईल पुन्हा पुन्हा फिरताना दिसत होती.

"अण्णा, हे लाईव्ह न्हाय," तो मालकांना म्हणाला.

"म्हाईत हाय रं. साहेब घरी जेवून झोपल्यात. बघणाऱ्यांना काय कळतंय? मेंढरं नुसती."

वृषभ हसला. असला तमाशा डोळे लावून बघणाऱ्यांची त्यालाही किळसच यायची.

तो घरी पोचला तेव्हा दिवस मावळला होता. टीव्हीसमोर आई बसली होती, ओठ सुकलेले.

"साहेब आपल्यासाठी उपाशी हाईत. मी बी सकाळधरनं पाणी घेतलं न्हाय."

जैनाघरची बाई. दिवस मावळल्यावर ती काही खात-पीत नसे. म्हणजे आता उद्या सकाळीच.

"आई, ते खोटं हाय. सकाळचंच चित्र फिरवाय लागल्यात. साहेब जेवून झोपल्यात."

आईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दुसऱ्यासाठी उपाशी ऱ्हाणं तुला कुठलं कळायचं," ती म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.