वळूच्या लेकी

जळगाव जामोदच्या उकंडरावांच्या साठ गाई आणि गावभरच्या गाई फळवणारा त्यांचा वळू साऱ्या मुलखात नावाजलेले होते. बहात्तरच्या दुष्काळात गुरांसाठी सरकारी छावणी उघडली, तेव्हा मनकर्णाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "ढोरं छावणीत नेऊन बांधा, नाहीतर मरतीन." "उकंडरावची ढोरं धर्माचं खातीन काय?" ते गरजले. महिनाभरात त्रेपन्न गाई दगावल्या. उरलेल्या सात घेऊन दोघं छावणीत आली. तिथं उभं राहायला जागा नव्हती. एका म्हातारीनं आपली गाय बाजूला सारली. "हिच्याजवळ बांधा, मालक. तुमच्याच वळूची लेक हाये." उकंडरावांनी वर पाहिलं. वळूसारख्याच रुंद कपाळाच्या कितीतरी गाई निवांत रवंथ करत होत्या. गरिबांनी त्या वेळेवर आणल्या होत्या. म्हातारीनं कडब्याची पेंडी पुढं केली. ती त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. "मनकर्णे, तुह्यं आयकलं असतं तं..." मनकर्णाबाईंनी पेंडी उकलून गाईंपुढं टाकली.