कर्जली प्रांतातला माणूस

"मिहाईल! डोळे उघडा, मिहाईल!"

नर्स श्यामलाने पुन्हा हाक मारली. म्हाताऱ्याची पापणीसुद्धा हलली नाही. डोक्यातली रक्ताची गाठ काढून रात्र उलटली होती, पण तो काही शुद्धीवर येईना.

"आत परत रक्त साचतंय की काय," डॉक्टर शिरीष मराठीत पुटपुटले. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या त्या वॉर्डात मराठी कळणारी ती दोघंच. "स्कॅनमध्ये नक्की काही दिसत नाही. हाकेला ओ दिली नाही, तर पुन्हा उघडावं लागेल, श्यामलाताई."

"ह्या वयात दुसरं ऑपरेशन झेपेल?"

"मला नाही वाटत. पण थांबणंही धोक्याचंच. ऑपरेशन थिएटर तयार ठेवायला सांगतो." डॉक्टर बाहेर गेले.

दाराशी म्हाताऱ्याची मुलगी एलेना उभी होती. बल्गेरियातून बापाला तिनेच इथल्या रिकार्टन भागातल्या आपल्या घरी आणलं होतं. श्यामलाने तिला आत घेतलं. एलेना त्याच्या कानाशी 'बाबा, बाबा' म्हणत राहिली. काही उपयोग झाला नाही.

"त्यांना दुसरं एखादं नाव आहे का? लहानपणचं?" श्यामलाने विचारलं.

एलेनाने आधी दार लावून घेतलं.

"आमचा कर्जली प्रांत डोंगराळ. जिकडेतिकडे तंबाखूची शेतं. वस्ती बहुतेक आमची, तुर्की मुसलमानांची. १९८५ च्या हिवाळ्यात सैनिकांनी आमचं गाव वेढलं. बर्फात रांगा लावल्या आणि एकेकाला नवं बल्गेरियन नाव दिलं. जुनं नाव तोंडातून निघालं की मार. माझा काका नाही म्हणाला. त्याला घेऊन गेले. तो परत आला नाही."

"पण ते कम्युनिस्ट सरकार तर पडलं ना?"

"पडलं. गावाने जुनी नावं परत घेतली. बाबांनी नाही घेतलं. आमच्या घरात ते नाव आजवर कुणी उच्चारलेलं नाही."

"काय होतं?"

एलेनाने बंद दाराकडे पाहिलं. शेवटी तिने श्यामलाच्या कानात सांगितलं.

बाहेर ट्रॉली येऊन थांबल्याचा आवाज झाला. श्यामला म्हाताऱ्यावर वाकली.

"मेहमेद."

म्हाताऱ्याचे डोळे खाडकन उघडले. त्याने श्यामलाच्या गणवेशाकडे पाहिलं. लेकीचं मनगट घट्ट धरून तो तिला आपल्यामागे ओढायला लागला आणि खणखणीत आवाजात बल्गेरियन भाषेत एक वाक्य बोलला.

शिरीष धावत आत आले. म्हाताऱ्याला टक्क जागा पाहून त्यांनी ट्रॉली परत पाठवली.

"काय म्हणाले ते?" श्यामलाने विचारलं.

एलेनाला हुंदका आवरेना.

"म्हणाले, मेहमेद नावाचं इथे कुणी राहत नाही."